बदली कुणी मागायची? एका शिक्षक जोडप्याचं प्रकरण

रत्नागिरी–नागपूर महामार्ग लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औसा तालुक्यातून जातो. तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत तोच रस्ता आंबा घाट उतरतो आणि साखरप्यात येतो. साखरप्यापासून आत, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर, माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी औश्याकडे शिकवत होतो. बारा वर्षं आमचा संसार या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना होता. मध्ये चारशेहून जास्त किलोमीटर, तीन गाड्या आणि एक रात्र.

हे सगळं तपशिलानं लिहून काढायचं एक कारण आहे. बदल्यांचं पोर्टल सुरू झालं की मला ओळखीच्या-बिनओळखीच्या शिक्षकांचे फोन येतात. फॉर्म कसा भरायचा, संवर्ग दोनमध्ये (म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरणाच्या गटात) बसतो का, पसंतीक्रम काय द्यायचा. शासन निर्णय मला तोंडपाठ आहेत म्हणून लोक विचारतात. पण ज्या प्रश्नानं आमची बारा वर्षं खाल्ली तो प्रश्न फोनवर कुणीच विचारत नाही. आम्हीही तो कधी विचारला नव्हता. म्हणून आमचंच प्रकरण मांडतो. नावं देत नाही, गावांची नेमकी ठिकाणंही नाहीत.

जोडपं आणि कागद

मी २००६ साली लातूर जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून लागलो. महिना तीन हजार मानधन, तीन वर्षं. पुढे नियमित झालो. ती माझ्याच जिल्ह्यातली, निलंग्याकडची. २०१० च्या भरतीत तिची निवड झाली, पण रत्नागिरीत. मराठवाड्यातली आमच्या पिढीची निम्मी डी.एड. पोरं अशीच कोकणात, पालघर-ठाण्याच्या पाड्यांवर किंवा गडचिरोलीला गेली. आमच्याकडं कोरडवाहू शेती, गावोगावी अध्यापक विद्यालयं आणि नोकरी म्हणजे मास्तरकी. कोकणातली तरुण पोरं मुंबईला जाणारी. त्यामुळं तिकडच्या शाळांच्या जागा घाटावरच्यांनी भरल्या. त्यात वाईट काही नाही. वाईट पुढं सुरू होतं, लग्न झाल्यावर.

२०११ ला आमचं लग्न झालं. ठरवताना दोन्ही घरच्यांचं एकच वाक्य होतं, "दोघंबी नोकरीला हाईत, दोनचार वर्षांत पोरीची बदली होईल." या वाक्यात दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, बदली होईल. दोन, बदली पोरीची होईल. पहिली गोष्ट चुकली ते आम्हाला दरवर्षी कळत गेलं. दुसरी तपासायला अकरा वर्षं लागली.

तिचा पहिला अर्ज २०१४ चा, कागदी. त्या काळात ज्या जिल्ह्यात जायचं तिथली ना-हरकत लागायची. मी स्वतः जाऊन विचारलं. उत्तर सरळ आणि नियमानं बरोबर होतं: खुल्या प्रवर्गात पद रिक्त नाही.

इथं जरा थांबून समजावून सांगतो, कारण पुष्कळ जोडपी याच दगडाला ठेचकाळतात. आंतरजिल्हा बदलीत तुमची जात बघत नाहीत, तुमची निवड कोणत्या प्रवर्गातून झाली ते बघतात. समोरच्या जिल्ह्याच्या बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार पदं वाटलेल्या यादीत, त्याच प्रवर्गाचं पद मोकळं असेल तरच जागा. आम्ही दोघंही इतर मागास प्रवर्गातले. माझी निवड त्याच प्रवर्गातून झाली. तिला गुण जास्त पडले, म्हणून ती खुल्यातून लागली. निकाल लागला तेव्हा तिच्या वडिलांनी पेढे वाटले होते. मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांत खुल्या प्रवर्गाची पदं आधीच भरलेली, काही ठिकाणी जास्तच. जास्त गुण मिळवल्याचं हे फळ तिच्या पदरात पडलं, आणि याची खंत मला आजही आहे.

२०१७ पासून बदल्या ऑनलाइन झाल्या. फेऱ्या मारणं संपलं, आशा वाढली. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर असे पसंतीक्रम ती भरायची. यादी लागली की मी रात्री जागून तिचं नाव शोधायचो. आपसी बदलीचाही नाद केला. आपसी म्हणजे लातूरचा एखादा शिक्षक रत्नागिरीला जायला तयार हवा, त्याच प्रवर्गातला. व्हॉट्सॲपच्या बारा गटांत आमची जाहिरात फिरत होती. पण लातुरात नोकरीला असलेला कोकणातला माणूस मिळणार कुठून? आपसीच्या त्या गटांत शेकडो माणसं, आणि जवळजवळ सगळ्यांना घाट चढायचा होता. उतरणारा एकही नाही. हे वाक्य मी तेव्हा कितीदा तरी बोललोय. बोलताना, तो उतरणारा मीच होऊ शकतो, हे मनात आलं नाही.

शहात्तर सुट्ट्या

लांब राहणं म्हणजे काय, हे पैशात आणि किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. आम्ही ते सुट्ट्यांत मोजायचो. जिल्हा परिषदेच्या शाळांना वर्षाला ७६ सुट्ट्या, आकडा सगळीकडे तोच, पण वाटणी जिल्ह्यागणिक वेगळी. कोकणात गौरी-गणपतीला आणि शिमग्याला शाळा बंद. त्या दिवसांत माझी शाळा चालू. आमच्याकडं पोळ्याची सुट्टी, तिच्याकडं पोळ्याचं कुणाला काही नाही.

आणि येळवस. लातूर-धाराशिवच्या बाहेर हा सण फारसा ठाऊक नाही. मार्गशीर्ष अमावास्येला घरदार रानात जातं, कडब्याची कोप उभी करून पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे होतात, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. लग्नानंतर बारा वर्षांत ती एकदाही येळवशीला रानात नव्हती. एकदा किरकोळ रजा टाकून येणार होती, तर त्याच दिवशी दुसऱ्या शिक्षिका आजारी. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग. ती आली नाही. आईनं तिच्या वाटणीची भज्जी डब्यात भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गायीला घातली.

दिवाळीचे वीस-एकवीस दिवस आणि मे महिन्याची सुट्टी, एवढंच आमचं. तेही मूल्यांकनाची कामं, प्रशिक्षणं, निवडणुकीची ड्युटी यांनी कुरतडलेलं. २०१२ ला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपली तशी ती सहा महिन्यांच्या पोरीला घेऊन घाट उतरली. तिची आई दोन वर्षं तिच्यासोबत राहिली. पोरीचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिली पडझड मी फोनवर ऐकली.

२०२१ हे साल मला कायम लक्षात राहील. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, आंबा घाटात दरडी आल्या, रस्ता खचला. दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता. ती आणि पोरगी सुखरूप होत्या, पण ते मला शेजारच्या वाडीतल्या एका रिक्षावाल्याकडून कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत गाड्या पूर्ववत झाल्या नाहीत. आमचं सगळं जगणं एसटीवर. डिसेंबरात पोरीला न्यूमोनिया झाला. मी औश्याहून एका ट्रकनं सोलापूर, तिथून खासगी गाडीनं कोल्हापूर, पुढं भाजीच्या टेम्पोत बसून साखरपा गाठलं. पोचेपर्यंत ताप उतरला होता. ती म्हणाली, "आता आलात, तर निजा जरा." यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तिला माझ्या येण्याची वाट बघायची सवयच उरली नव्हती.

उलटं गणित

७ एप्रिल २०२१ ला बदल्यांचे नवे शासन निर्णय निघाले होते आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नव्या पोर्टलवर फॉर्म भरायला लागले. आमच्या केंद्रशाळेत संगणकासमोर बसून मी पाच-सहा जणांचे फॉर्म भरून देत होतो. तिचाही फॉर्म, तिच्या लॉगिननं, तिथूनच बघत होतो. शेजारी एक तरुण शिक्षक बसला होता, २०१९ ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागलेला. रिक्त पदांचा तक्ता वरखाली करत त्यानं सहज विचारलं, "सर, रत्नागिरीला तुमच्या प्रवर्गात एवढ्या जागा दिसतायत. तुम्हीच का जात नाही?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. काही सुचलं नाही. मग म्हणालो, "आईला कोण बघणार?" तो म्हणाला, "ते खरंय," आणि पुढचा फॉर्म उघडला.

रात्री घरी जाऊन मी शासन निर्णय पुन्हा वाचला. तोंडपाठ असलेला कागद पहिल्यांदा वाचल्यासारखा वाचला. त्यात 'पत्नीची पतीच्या जिल्ह्यात बदली' असं कुठंच नाही. आहे ते फक्त 'पती-पत्नी एकत्रीकरण'. कुणी कुणाकडं जायचं ते सरकारनं ठरवलेलं नाही. ते आम्ही ठरवलं होतं. खरं तर ठरवलंही नव्हतं, न बोलताच धरून चाललो होतो.

गणित उघडं होतं. तिच्या बाजूनं: खुला प्रवर्ग, जागा नाही. समजा कधी नाव लागलंच, तरी कोकणात आधीच इतकी पदं मोकळी की बदली झालेल्यांचं कार्यमुक्त होणं लांबत होतं, कारण तिथं पोरांसमोर उभं राहायला कुणी हवं. माझ्या बाजूनं: जागा आहेत, आणि लातुरात यायला रांग असल्यामुळं मला सोडायला फारशी अडचण नाही. म्हणजे तिची वाट दोन्ही टोकांना बंद, माझी दोन्ही टोकांना उघडी. आणि ती आजची नव्हे, कित्येक वर्षांची.

फोन केला. म्हणालो, "मी तिकडं आलो तर?" बराच वेळ ती गप्प. मग जे म्हणाली ते इथं जसंच्या तसं लिहितो. "मला वाटायचं, तुम्ही कधी विचारणारच नाही. आणि एक सांगू का? दर वर्षी फॉर्म भरताना माझा हात जड व्हायचा. ही शाळा मी उभी केलीय. लातूरला मला यायचंय का, हे मला कुणी विचारलंच नाही कधी."

या प्रकरणाचा गाभा मला विचाराल तर इथं आहे. ती तिकडं अडकलीय असं मी धरून चाललो होतो. ती तिथं रुजली होती. ती गेली तेव्हा शाळेचं कौलारू छप्पर गळत होतं आणि पट घसरत चालला होता. तिनं वाडीतल्या मुंबईकरांना फोन करकरून वर्गणी जमवली, पोरांना शिष्यवृत्तीला बसवलं, बायकांची वाचनाची बैठक सुरू केली. भात लावणीच्या दिवसांत पोरं गैरहजर राहतात म्हणून स्वतः बांधावर जाऊन बसायची. हे सगळं मला माहीत होतं. फोनवर ऐकलं होतं, कौतुकही केलं होतं. पण बदलीच्या हिशेबात त्याला किंमत द्यावी असं मला सुचलं नाही. माझी शाळा, माझी ज्येष्ठता, माझं रान, माझी आई: यांना मात्र आपोआप किंमत होती.

"नांदायला"

आई किल्लारीच्या पट्ट्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं दगडमातीचं घर बसलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही वाचलो, चुलत्याच्या घरातले तिघं गेले. पुनर्वसनाच्या वसाहतीत जे घर मिळालं त्यात आई आजही राहते. मुक्कामाला म्हणून ती कुठंही जात नाही. लेकीच्या घरीसुद्धा रात्र काढत नाही. तिला कोकणात न्यायचा प्रश्नच नव्हता.

मी सांगितलं तेव्हा ती दळण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजी तू नांदायला चाललास म्हण की."

मराठीत हा शब्द पुरुषाला लावत नाहीत. तिनं तो टोचून वापरला, पण त्या शब्दानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोळाव्या वर्षी तीही नांदायला आली होती. माझी बहीण गेली होती. आपली माती, आपली माणसं, बोलायची ढब, खायची चव, सगळं मागं टाकून जाणं हे घरातल्या प्रत्येक बाईनं एकदा केलेलं होतं, आणि त्याला कुणी त्याग म्हटलं नव्हतं. मी जातो म्हटल्यावर मात्र पंचक्रोशीत चर्चा. घरजावई म्हणावं तर सासर निलंग्याला. मग कुणी म्हणालं बायकोनं बोलावलं, कुणी म्हणालं लातुरात काही भानगड झाली असेल. एका नातेवाइकाचा प्रश्न मात्र खरा होता: "लोक आपली पोरं शिकायला लातूरला आणून ठेवतात, अन् तू लातूर सोडून जंगलात चाललास? पोरीच्या बारावीचं काय?" लातूर पॅटर्नच्या गावात याला उत्तर देणं सोपं नाही. मी एवढंच म्हणालो, बारावीला अजून वेळ आहे, पोरगी आत्ता अकराव्या वर्षात आहे आणि मला ते वर्ष हवंय.

धाकट्या भावाशी बसून बोललो. सोयाबीनची पेरणी-काढणी तो बघणार, माझ्या वाट्याचं निम्मं उत्पन्न आईच्या औषधपाण्याला. हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. भावाभावांत कागद कशाला, असं कुणाला वाटेल. पण तोंडी राहिलेल्या गोष्टीच पुढं घरं फोडतात, हे मी गावात पाहिलेलं आहे. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं तर मी महिनाभर रजा घेऊन येईन, हेही त्यात लिहिलं.

घाट उतरल्यावर

ऑगस्ट २०२२ मध्ये यादी लागली, माझं नाव होतं. प्रत्यक्ष कार्यमुक्त झालो २०२३ च्या उन्हाळ्यात. माझ्या जागेवर पालघरच्या एका पाड्यावरून एक बाई आल्या, त्यांचे यजमान लातुरात. चार्ज देताना त्या सारख्या माझे आभार मानत होत्या. मी त्यांच्यासाठी काही केलेलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून बरं वाटलं.

रत्नागिरीत शाळा निवडायच्या समुपदेशनाला बसलो. आंतरजिल्हा बदलीनं येणाऱ्याला उरलेल्या शाळा मिळतात. पडद्यावर यादी आली. संगमेश्वरातलं सोयीचं काही शिल्लक नव्हतं. माझ्या वाट्याला मंडणगड तालुका आला, जिल्ह्याचं अगदी उत्तरेचं टोक. तिची शाळा दक्षिण-पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी. चारशेहून जास्त किलोमीटर ओलांडून मी आलो, आणि आमच्यात दीडशेहून जास्त किलोमीटर उरले.

ही शक्यता मी आधी सगळ्यांना सांगत आलेलो होतो. स्वतःच्या बाबतीत ती खरी झाली तेव्हा मात्र त्या सभागृहाबाहेर येऊन पायरीवर बसलो.

मंडणगडची दोन वर्षं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते लांबून जवळ येणाऱ्या प्रत्येक जोडप्याचा खरा कस इथंच लागतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी खेडची गाडी पकडायचो, तिथून चिपळूण, पुढं संगमेश्वर, देवरुख, साखरपा. दिवेलागणीला घरी. रविवारी जेवण झालं की उलट प्रवास. वर्षाला दोन सुट्ट्यांऐवजी आता आठवड्याला एक रात्र. मला वाटलं होतं, सुख असतं ते हेच.

पहिल्या तीन महिन्यांत आम्ही जितके भांडलो तितके आधीच्या बारा वर्षांत भांडलो नव्हतो. कारण सांगतो. सुट्टीत भेटणारी माणसं एकमेकांना पाहुण्यासारखी वागवतात. मी मे महिन्यात यायचो तेव्हा ती माझ्या आवडीचं करायची, मी पोरीला फिरवायचो, कटकटीचे विषय दोघंही टाळायचो. दर शनिवारी येणारा माणूस पाहुणा नसतो. त्याला गळकं कौल दिसतं, गॅसचा नंबर लावायचा असतो, पोरीचं गणित कच्चं दिसतं. मी आल्या आल्या सूचना द्यायला लागलो. मायलेकींची स्वतःची एक घडी होती: रविवारी सकाळी नदीवर कपडे, दुपारी पुस्तक, संध्याकाळी शेजारच्या काकूंकडं भजन. त्यात मला जागा नव्हती, आणि मी ती मागण्याऐवजी घेऊ लागलो. एकदा मी चहा करायला उठलो तर साखर सापडेना. पोरीनं न बोलता फळीवरचा डबा काढून हातात दिला. आपल्या घरात मला डबे ठाऊक नाहीत, हे तिनं किती सहज स्वीकारलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

मग बायकोनंच एक गोष्ट सुचवली. ती म्हणाली, "तुम्ही सहा महिने काही सुधारू नका. नुसते राहा." मला ते अपमानास्पद वाटलं, पण मी पाळलं. नदीवर गेलो. भजनाला बसलो. पोरीचं गणित बघायचं थांबवलं, तर दिवाळीनंतर तीच वही घेऊन आली.

मंडणगडच्या शाळेनंही मला सांभाळलं, हे लिहिलंच पाहिजे. पहिल्या दिवशी मी पोरांना विचारलं, "काय करायलाव रे?" वर्ग खो खो हसला. दोन महिने ती माझी भाषा म्हणून दाखवायची, मी त्यांची. गावातल्या एका आजोबांनी विचारलं, "मास्तर, कधी जाणार?" तिकडं घाटावरच्या प्रत्येक शिक्षकाला हा प्रश्न विचारतात, कारण प्रत्येकजण जातोच. मी म्हणालो, मी बदलीनं आलोय, लातूरहून, माझ्या इच्छेनं. त्यांना ते पटेना. "स्वतःहून? घाट उतरून?" असं दोनदा विचारलं. त्यानंतर महिनाभर घरी आंब्याचं लोणचं नि कुळथाचं पीठ येत होतं. पण मीही शेवटी तिथून गेलोच. त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर अपुरं होतं, याची रुखरुख आहे.

२०२५ च्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांत मी संवर्ग दोनमधून अर्ज केला. पती-पत्नीच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर हा संवर्ग मिळतो. अंतराचा दाखला बांधकाम विभागाचा लागतो, गुगलचा नकाशा चालत नाही. आमच्या बाबतीत अंतरावर वाद होण्यासारखं काही नव्हतं. मला तिच्या शाळेपासून बावीस किलोमीटरवरची शाळा मिळाली. माझ्यामुळं कुणाला खो बसला नाही, जागा रिक्तच होती. बसला असता तर हा आनंद मला इतका मोकळेपणानं लिहिता आला नसता.

काय गेलं

हे न लिहिता प्रकरण पुरं होणार नाही, कारण फोनवर लोक फक्त मिळालेलं विचारतात.

ज्येष्ठता गेली. आंतरजिल्हा बदलीनं येणाऱ्याची सेवाज्येष्ठता नव्या जिल्ह्यात रुजू झाल्याच्या तारखेपासून धरतात. पगार तोच राहतो, एकूण सेवा तीच राहते, पण यादीत तुम्ही तळाला. लातुरात माझ्या बरोबरीचे आता मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख होतील. इथं माझ्या वर २०१९ ला लागलेली मुलं आहेत. पट कमी होऊन पद अतिरिक्त ठरलं तर कनिष्ठ म्हणून माझा नंबर आधी लागू शकतो, आणि कोकणात पट कमीच होतायत. हा धोका मी जाणून घेतला. ती आली असती तर तिचंही हेच झालं असतं, आणि तेव्हा कुणी तिला विचारलं नसतं की प्रमोशनचं काय.

पहिला पगार चार महिन्यांनी निघाला. कागद कुठल्या टेबलावर अडकला ते इथं लिहीत नाही. पण जे निघणार आहेत त्यांनी अंतिम वेतन प्रमाणपत्र, सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची प्रत आणि डीसीपीएसचा (अंशदायी निवृत्तिवेतनाचा) हिशेब कार्यमुक्त व्हायच्या आधीच हातात घ्यावा, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. मी चारच महिन्यांचा ठेवला होता.

आईजवळ असणं गेलं. २०२४ च्या पावसाळ्यात ती ओसरीवर घसरून पडली. भाऊ शेतात होता, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. हाड मोडलं नव्हतं. मला बघून ती म्हणाली, "कशाला आलास, शाळा बुडवून." बारा वर्षं मी एका टोकाला होतो आणि दुसऱ्या टोकाची काळजी करायचो. आता टोक बदललंय. काळजी संपेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मनाशी तसं वाटून गेलं होतं खरं.

आता मला फोन आला की फॉर्मच्या आधी मी दोन्ही जिल्ह्यांचा रिक्त पदांचा तक्ता उघडायला लावतो, दोघांच्याही प्रवर्गांचा. मग विचारतो, तुमच्यापैकी कुणाचं काय सुटतंय ते एकमेकांना विचारलंत का? बहुतेक वेळा पलीकडं शांतता असते. एकदा एक गुरुजी चिडले, "आमच्यात तसं नसतं." मी म्हणालो, आमच्यातही नव्हतं. जावंच असं मी कुणाला म्हणत नाही. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे आणि भाऊ नाही, तिथं माझं गणित लागू पडणार नाही, हे मला कळतं. पण तक्ता दोन्ही बाजूंनी बघा, एवढा माझा आग्रह राहील.

सध्या

साखरप्यात भाड्याच्या दोन खोल्या घेतल्यात. मी सकाळी दुचाकीवरून एकीकडं, ती दुसरीकडं, पोरगी चालत हायस्कूलला. ती आठवीत आहे. ज्वारीचं पीठ भाऊ दोन महिन्यांनी एसटीच्या पार्सलनं पाठवतो. पोरीला भाकरी आवडत नाही, भात लागतो. आईला हे कळलं तेव्हा ती दिवसभर हळहळली.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय, त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागणार. आमच्या दोघांकडंही टीईटी नाही. एकोणीस वर्षं शिकवल्यावर परीक्षेला बसायचं म्हणून मी दोन दिवस धुसफुसत होतो. तिनं देवरुखहून पुस्तकांचा एकच संच आणला. दोन कशाला, म्हणाली. रात्री जेवणं झाली की एकाच टेबलाशी बसतो. बालमानसशास्त्र ती वाचून दाखवते, गणित मी समजावतो. मधेच पोरगी तिची वही घेऊन येते आणि म्हणते, तुमचं झालं की सरका थोडं, मला पण बसायचंय.